शांतता कमिटीला खुलं पत्र: स्वतःच्या पोराला ठाण्यात नेणाऱ्या बापाचं दुकान का जळलं?

प्रति,
शांतता समितीचे सगळे सदस्य, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे जिम्मेदार, नगरसेवक, पत्रकार मित्र आणि ठाण्याचे साहेब,

नमस्कार, सलाम, जय भीम.

मोंढ्यातला एक आडत्या लिहायलोय, तुम्ही सगळे ओळखता, नऊ वर्षं झाली मी पण याच कमिटीत बसतो. पुढच्या मीटिंगचा मेसेज ग्रुपवर आलाय, विषय नेहमीचेच, मिरवणुकीचा रूट, डीजे, कमानी, लाईट, भोंगा. त्याच्यात एक विषय वाढवा म्हणून मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळेला उत्तर आलं, "जुनं कशाला उकरता शेठ, आता सगळं शांत आहे". शांत आहे ते मलाही दिसतंय. पण बायपासला जिथं टायरचं दुकान होतं ती भिंत अजून काळीच आहे आणि त्याच्यावर एक शब्द न बोलता आपण यंदाही चहा पिऊन उठणार असू तर मला ते जमणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. गावाचं नाव, माणसांची नावं लिहीत नाही, लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव एवढं बास. मागच्या वर्षी आयटीआयला जाणाऱ्या एका १९ वर्षाच्या पोरानं रात्री आठच्या सुमाराला व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. त्याच्यात काय होतं ते नीट सांगतो, कारण दोन्हीकडचे लोक ते आपापल्या सोयीनं सांगायलेत. एकीकडचे म्हणतात किरकोळ होतं, पोरगं नादान आहे. किरकोळ नव्हतं. जून २०२२ मध्ये उदयपूरला एका शिंप्याला त्याच्याच दुकानात शिरून मारलं, त्याच्या आठवडाभर आधी आपल्या अमरावतीत एका मेडिकलवाल्याला रात्री दुकान बंद करून घरी जाताना रस्त्यात गाठून मारलं, का तर सोशल मीडियावरची पोस्ट. ज्यांनी ते केलं त्यांचे फोटो लावून या पोरानं खाली "शेर" असं लिहिलं होतं. माणूस मारणाऱ्याला वाघ म्हणणं ही बारकी गोष्ट नाही, आणि जो कुणी "जाऊ द्या, लेकरू आहे" म्हणतो तो त्या पोराचंच वाटोळं करतोय. दुसरीकडचे म्हणतात त्या गल्लीत अड्डा होता, ट्रेनिंग चालायचं. तेही खोटं आहे. पोलिसांनी त्याचा मोबाईल तपासायला पाठवला, घर झाडून पाहिलं, बाहेरचे दोन-तीन चॅनल आणि रात्र-रात्र बघितलेले व्हिडिओ सोडून काही निघालं नाही. अर्थात ते व्हिडिओ पण पुरेसे आहेत, त्याच्यावर पुढं येतो.

बायपासचं ते टायर-पंक्चरचं दुकान त्याच्याच बापाचं. बाप साडेनऊला माझ्या घरी आला. त्याचा मोठा भाऊ आमच्या आडतीत बावीस वर्षं हमाली करतो म्हणून ओळख. हातात पोराचा मोबाईल, हात थरथरत होता. म्हणला, "शेठ, ये देखो क्या लगाया इने." मी वाचलं आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "डिलीट करा आणि गपचूप झोपा". तो म्हणला, "नै शेठ. आज मैं छुपाया और कल कोई इसकू बडे काम पे लगाया तो? मेरेकू ठाने जाना है, तुम साथ चलो." मी नऊ वर्षं शांतता समितीत आणि शहाणपण त्या पंक्चरवाल्याकडं.

टीव्हीएसवर पोराला पुढं बसवून तो निघाला, मागं मी. पोराच्या पायात चप्पलपण नव्हती, ठाण्याच्या फरशीवर ते अनवाणी उभं होतं आणि ड्युटीवरच्या अंमलदारानं बापाला तीनदा विचारलं, तुमचाच मुलगा का, नक्की तुमचाच का. त्यानं आजवर पोरगं सोडवायला आलेले बाप बघितले होते, पोरगं आणून देणारा बघितला नव्हता. साडेअकराच्या आत एफआयआर झाला, पूर्वी ज्याला १५३ अ म्हणायचे आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत जे १९६ आहे ते, समाजासमाजात तेढ लावल्याचं, कलम लागलं, मोबाईल जप्त झाला. कायद्याला जे करायचं ते झालं, आणि बापाच्या हातून झालं.

आता आपल्याकडं येतो. पावणेबाराला मी आपल्या कमिटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की बापानं स्वतः मुलगा ठाण्यात आणलाय, गुन्हा दाखल झालाय, मी स्वतः हजर होतो, कुणी अफवेवर विश्वास ठेवू नका. ग्रुपवर ६१ जण आहेत. चार अंगठे आले. त्याच वेळेला गावात तो स्क्रीनशॉट फिरायलाय, खाली लिहिलंय "पोलीस प्रकरण दाबायलेत, उद्या सकाळी चौकात". मला एवढंच विचारायचंय, त्या ६१ मधल्या एकानं तरी माझा मेसेज आपापल्या मंडळाच्या, समाजाच्या, मशिदीच्या, गल्लीच्या ग्रुपवर टाकला का? मी नंतर एकेकाला विचारलं. कुणी म्हणलं झोपलो होतो, कुणी म्हणलं टाकला असता तर आमच्यावरच उलटलं असतं, एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की वातावरण गरम होतं, त्यात तो मेसेज टाकला असता तर लोक म्हणले असते हा त्यांच्या बाजूचा. मला त्याचा राग नाही आला, कारण भीती खरी होती. पण मग कमिटी कशासाठी आहे? वातावरण थंड असताना बोलायला कमिटी लागत नाही.

सकाळी बंद, अकराला मोर्चा, आणि मोर्चा संपल्यावर दीडशे-दोनशे पोरं बायपासला गेली. टायर जळताना कसला धूर होतो ते मोंढ्यातनं सगळ्यांनी पाहिलं. शेजारचं बांगड्यांचं दुकान गेलं, ज्याचा त्या पोराशी काही संबंध नाही. एक फळाचा गाडा उलथला, तो तर बाहेरगावचा माणूस, बाजाराच्या दिवशी यायचा, त्याला स्टेटस काय झालंय हे पण माहीत नव्हतं. मोसंब्या नालीत.

संध्याकाळी व्हिडिओ आला. त्याच्यात हवा भरायच्या कंप्रेसरला लाथ मारणारं जे पोरगं आहे ते माझा पुतण्या आहे.

हे मी आज पहिल्यांदा जाहीर लिहितोय. मी आठ दिवस गप्प बसलो. घरात भाऊ म्हणायचा पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय, एकदा नाव आलं की संपलं, रोज पहाटे चारला उठून पळतंय रे ते. वहिनी जेवायची नाही. मला सगळं पटायचं, आणि रात्री डोळ्यासमोर ते अनवाणी पोरगं यायचं. त्या माणसाला अर्धा तास लागला, मला आठ दिवस, आणि त्याचं पोरगं सख्खं होतं. नवव्या दिवशी मी पुतण्याला घेऊन ठाण्यात गेलो. केस चालू आहे, भरती हुकली, भाऊ माझ्याशी बोलत नाही, दिवाळीला एकमेकांच्या उंबऱ्यावर गेलो नाही. पण एक गोष्ट सांगतो, मी पुतण्याला ठाण्यात नेलं म्हणून माझी आडत कुणी जाळली नाही.

इथंच सगळं आहे. आपण सगळे म्हणतो ना की "त्यांच्यातल्या चांगल्या लोकांनी पुढं यावं, कट्टर लोकांना आवरावं, पोलिसांना सांगावं". मी पण म्हणतो. मग एक माणूस पुढं आला, त्याला आपण काय दिलं? पोरगं लपवलं असतं तरी दुकान जळालं असतं, पोरगं आणून दिलं तरी जळालं. मग पुढच्या बापानं का आणून द्यावं? त्या दिवशी फक्त दोन-तीन लाखाचा माल जळाला असं समजू नका, उद्या आपल्याला वेळेवर खबर देणारा माणूस जळाला.

हे आपल्याच गावात होतं असंही नाही. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या दिवशी, चर्चमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत बॉम्ब फुटले, अडीचशेच्या वर माणसं मेली. ज्यानं ते घडवलं तो जहरान नावाचा माणूस काट्टनकुडी गावचा. त्या गावच्या मुसलमानांनीच त्याच्या भाषणांविरुद्ध दोन वर्षं आधीपासून तक्रारी केल्या होत्या, सरकारकडं गेले होते, हा माणूस धोक्याचा आहे म्हणून. कुणी मनावर घेतलं नाही. आणि बॉम्ब फुटल्यावर मे महिन्यात जमाव कुठं गेला, तर भलत्याच गावांत मुसलमानांची दुकानं, घरं, मशिदी फोडत. म्हणजे ज्या समाजातल्या लोकांनी आधी सांगितलं होतं त्याच समाजाला नंतर मार. असल्या जमावाचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होतो? त्या जहरानसारख्यांनाच, कारण ते आधीपासून पोरांना हेच सांगत असतात की तुम्ही कितीही चांगले वागा, हे लोक तुम्हाला आपलं म्हणणार नाहीत. आपण बायपासला जाऊन त्यांचं म्हणणं खरं करून दिलं.

आणि आपल्याला श्रीलंकेला जायची गरजच काय, आपण मराठवाड्याचे लोक आहोत. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतो, गोविंदभाई श्रॉफांचं नाव घेतो, घेतलंच पाहिजे. रझाकार काय होते हे मी घरात ऐकत मोठा झालो. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, इथनंच वर गेलेला. त्यांच्या टोळ्यांनी गावं लुटली, माणसं मारली, आमचं घर उघडं टाकून आजोबा सगळ्यांना घेऊन बार्शीकडं पळाले होते, कारण बार्शी निजामाच्या हद्दीत नव्हती. धर्माच्या नावावर सत्ता टिकवायला निघालेले कट्टर लोक काय असतात हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. आणि त्यांच्याविरुद्ध बोलणारा पहिल्या रांगेतला पत्रकार कोण होता तर शोएबुल्ला खान, हैदराबादच्या इमरोज पेपरचा संपादक, हैदराबाद भारतात आलं पाहिजे असं लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारलं, हात तोडले. म्हणजे तेव्हाही पुढं येणारा होता.

पुढचा भाग आपण झेंडावंदनाला सांगत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांत पोलीस ॲक्शन संपली, निजाम शरण आला, आणि त्याच्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे झालं ते पाहायला भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची कमिटी पाठवली. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्या कमिटीचा अंदाज २७ हजार ते ४० हजार माणसं मेल्याचा आहे. रिपोर्ट दाबून ठेवला, २०१३ च्या सुमाराला लोकांना बघायला मिळाला. आता बघा कोण मेलं आणि कोण वाचलं. कासीम रझवीवर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ ला सुटून तो पाकिस्तानला गेला आणि तिकडंच वारला. निजामाला तर आपण राजप्रमुख केलं. आणि ज्यानं आयुष्यात काठी हातात धरली नाही तो विणकर, तो किराणावाला, ती विहिरीत उडी टाकलेली बाई, ते मेले. रझाकारांचा बदला म्हणून जे झालं त्याच्यात रझाकारांचा म्होरक्या जिवंत आणि विणकर मेलेला. जमावाचा हिशोब असाच असतो, ज्याच्यावर राग असतो तो हाताला लागत नाही, जो हाताला लागतो त्याच्यावर राग निघतो.

आमच्या घरात माळ्यावर एक तांब्याचा हंडा आहे. आजोबा बार्शीहून परत आल्यावर आठवडी बाजारात लुटीची भांडी विकायला यायची, त्यातनं त्यांनी दोन रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात, देऊन तो घेतला. घरी आणल्यावर आजीनं पाहिलं की काठाला उर्दूत नाव घातलेलं आहे. ती म्हणली हे आपलं न्हाई, आणि त्या हंड्यात तिनं कधी पाणी भरलं नाही. परत कुणाला करणार, मालकच नाही. मोडीत पण घालू दिला नाही. पंचाहत्तर वर्षं तो माळ्यावर आहे, दर दिवाळीला खाली काढतो, पुसतो, वर ठेवतो. दुकान जळालं त्याच्यानंतर एक दिवस मी त्या पोराच्या चुलत्याला, आमच्या हमालाला, घरी बोलवून ते नाव वाचायला लावलं. त्याला उर्दू येतं. चष्मा लावून, काठावर बोट फिरवत त्यानं वाचलं, एका बाईचं नाव आहे आणि खाली हिजरी १३५६, म्हणजे १९३७-३८. लग्नात बापानं दिलेलं भांडं असणार, आपल्याकडंही तसंच नाव घालून देतात. नाव इथं लिहीत नाही, त्या घरचं कुणी आज कुठं असेल. तो बराच वेळ हंड्यावर हात ठेवून बसला, मग म्हणला, शेठ, चिंच लावून घासायला पाहिजे, काळा पडलाय. मला तेव्हा बोलता आलं नाही.

त्या सुंदरलाल रिपोर्टमध्ये एक गोष्ट आहे जी मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्याच्यासाठी स्वतः जीव दिला. एकाच मागावर काम करणारे लोक. मला हे लगेच समजलं कारण आपल्या मोंढ्यात तेच झालं. दुकान जळाल्यावर पंधरा दिवसात हमाल लोकांनी वर्गणी केली, मापाड्यांनी घातली, सगळ्या जातीधर्माचे, कट्ट्यामागं हमाली किती मिळते ते तुम्हाला माहीत आहे, त्यातनं त्यांनी सेकंडहँड कंप्रेसर घेतला. कुणी फोटो काढले नाहीत, पेपरात बातमी नाही. तो कंप्रेसर आज माझ्या गोदामात ताडपत्री टाकून उभा आहे, कारण त्या माणसाला जागा कुणी देत नाही. जुन्या जागामालकानं सांगितलं तुझ्याबद्दल काही नाही रे पण परत कटकट नको. तीन ठिकाणी मी स्वतः बोललो, डिपॉझिट माझं म्हणलं, तरी नाही.

मला माहीत आहे काही जण आता म्हणणार, शेठ मवाळ झाले. नाही. मी कडक कारवाईच्या बाजूचा आहे, तुमच्यापेक्षा जास्त. पण कडक म्हणजे काय ते ठरवू. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला, कसाब जिवंत सापडला, अख्ख्या देशानं त्याला बंदूक घेऊन फिरताना पाहिलं होतं. तरी त्याला वकील दिला, खटला चालवला, वर अपील झालं, आणि नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, त्यांच्याविरुद्धचा पुरावा कोर्टाला पटला नाही म्हणून ते निर्दोष सुटले. एवढ्या रागात असताना एका देशाला हे जमलं. माझ्या मते त्याच्याएवढं कडक उत्तर दुसरं नाही, कारण त्याच्यानंतर जगात कुणी म्हणू शकलं नाही की भारतानं माणूस पकडून कसंही मारला. आता उलटं बघा. मालेगावला सप्टेंबर २००६ मध्ये बॉम्बस्फोट झाले, नऊ मुसलमान पोरं धरली, पाच वर्षं आत, २०१६ ला कोर्टानं त्यातल्या हयात असलेल्या आठ जणांना आरोपातनं मुक्त केलं. परत २००८ ला तिथंच स्फोट, सहा माणसं गेली, जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष. मग मेलेल्यांना मारलं कुणी? चुकीचा माणूस आत टाकला की खरा माणूस बाहेर फिरतो, पुरावा नीट गोळा केला नाही की कुणालाच शिक्षा होत नाही. कायद्यानं चालणं हे आरोपीवर उपकार म्हणून नसतं, आपल्याला खरा माणूस सापडावा म्हणून असतं.

आणखी एक नेहमी ऐकतो, "त्यांच्या देशात चालतं का हे, मग आपणच का एवढं". आपण त्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून तर आजोबा बार्शीला पळाले होते ना. निजामाचं राज्य धर्म बघून माणसाला वागवायचं हीच आपली तक्रार होती. आपल्या घटनेत २५ व्या कलमात धर्म पाळायचं, सांगायचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमाच्या सुरुवातीला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य याची मर्यादा पण घातलेली आहे. म्हणजे धर्माच्या नावावर माणूस मारायला सांगणाऱ्याला धरायची सोय बाबासाहेबांनी आणि सगळ्यांनी तेव्हाच करून ठेवलीय. त्याच्यासाठी गल्ली पेटवायला लागत नाही, एक एफआयआर पुरतो. तो त्या रात्री झाला होता.

आता मशिदीच्या जिम्मेदारांना हात जोडून पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या घटनेनंतर तुम्ही पत्रक काढलं, "अशा कृत्याचा इस्लामशी संबंध नाही". बरोबर असेल. पण ते पोरगं पाच वर्षं तुमच्याच मदरशात शिकलं, शुक्रवारी तुमच्याच मागं उभं राहायचं, आणि रात्री मोबाईलवर कुणाचं ऐकत होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. संबंध नाही म्हणून सुटता येत नाही. जुम्म्याच्या बयानात उदयपूरचं आणि अमरावतीचं नाव घेऊन सांगा की मारणारे शेर नव्हते, खुनी होते. मोघम नको, पोरांना मोघम बोलणं लगेच कळतं. परभणीत २०१६ ला इसिसच्या केसमध्ये पोरं धरली, त्यातल्या काहींनी पुढं कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. ती पण कुणाच्या तरी घरातलीच होती.

आणि माझ्या बाजूच्या लोकांना, मंडळाच्या अध्यक्षांना पण तेच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, १० मे २०२४ ला कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली, दोघंही छत्रपती संभाजीनगरकडचे, आपल्या मराठवाड्यातले. परभणीत नोव्हेंबर २००३ ला मशिदीत नमाज झाल्यावर बॉम्ब फुटला, पुढच्या वर्षी जालना आणि पूर्णा. तेव्हा आपण काय म्हणलं? "तो आपल्यातला नाहीच, हिंदू असं करत नाही." शब्द न शब्द तेच पत्रक. आणि माझा पुतण्या? तो पण कंप्रेसरला लाथ मारायच्या आधी सहा महिने रोज कुठले तरी रील बघत होता, मी त्याच्या शेजारी बसून जेवत होतो. आपल्या घरातल्या पोराच्या मोबाईलमध्ये काय चाललंय हे विचारायला लाज वाटते, दुसऱ्याच्या गल्लीत काय चाललंय याच्यावर मात्र आपण तासभर बोलतो.

साहेब, तुमच्याकडंही मागणं आहे. सुप्रीम कोर्टानं २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाचं भाषण कुणीही केलं, कुठल्याही धर्माचा असला, तर तक्रारीची वाट न बघता गुन्हा दाखल करा. स्टेटसवाल्या पोरावर रात्रीच गुन्हा झाला ते चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी चौकात माईकवरनं "यांची दुकानं दिसली नाही पाहिजेत" म्हणणाऱ्यावर कधी झाला? मला तरी माहीत नाही. आणि मध्ये एक दिवस पालिकेची माणसं येऊन त्या पोराच्या घराची पायरी अतिक्रमणात आहे म्हणून खूण करून गेली. चाळीस वर्षांची पायरी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरोपी आहे एवढ्यावर कुणाचं घर पाडता येत नाही, नोटीस द्या, पंधरा दिवस द्या, ऐकून घ्या. ती खूण पुसायला पाहिजे, आणि ती पुसली हे त्या बापाला सांगायला पाहिजे, कारण त्याची बायको अजून रोज सकाळी दार उघडून आधी पायरी बघते.

कमिटीनं काय करावं हे विचाराल तर माझ्या डोक्यात फार मोठं काही नाही. पहिलं म्हणजे असं काही झालं की ठाण्यातनं खात्रीचा मेसेज येईल आणि आपण ६१ जणांनी तो अर्ध्या तासात आपापल्या ग्रुपवर आपल्या नावानं टाकायचा, ज्याला जमत नाही त्यानं कमिटीतनं नाव काढून घ्यावं, दुसरा कुणीतरी येईल. ज्याचं नाव एफआयआरमध्ये आहे त्याच्या घरासमोर आणि दुकानासमोर त्या रात्री आपल्यातले दोन्हीकडचे चार-चार जण जाऊन बसायचं, पोलीस येईपर्यंत. एवढी माणसं बसलेली असली की पोरं लांबनं बघून परत जातात, मी मोंढ्यात तीस वर्षं भांडणं बघितलीत. कमिटीत बायका दोनच आहेत, त्याही कधी बोलत नाहीत कारण त्यांना कुणी विचारत नाही, घरात पोरगं रात्री दोनपर्यंत जागतंय हे आईला आधी कळतं, बापाला नाही. आणि पंचविशीच्या आतलं एकही पोरगं नाही, सगळे माझ्यासारखे पिकलेल्या केसाचे, ज्यांना इन्स्टा कसं उघडतात ते माहीत नाही. आणि आपण चांगलं पण करू शकतो हे विसरू नका, २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा किती गावांत ईदची मिरवणूक पुढं ढकलली, कुणी सक्ती केली नव्हती. ते जमलं कारण महिनाभर आधी बसून बोलले होते.

आणि त्या माणसाला जागा. याच्यावर मी अडून बसणार आहे. आपल्यातल्या किमान सहा जणांचे रोडला गाळे आहेत, दोन रिकामे आहेत, मला माहीत आहे. भाडं तो देईल, डिपॉझिट माझ्याकडं. गावानं त्याला परत दुकान लावून दिलं हे बायपासवरनं जाणाऱ्या प्रत्येक पोराला दिसलं पाहिजे.

मी त्याला मीटिंगला बोलवलंय. आधी नको म्हणला, मैं आके क्या बोलूं शेठ. मग म्हणला येतो. सध्या तो लातूरला दुसऱ्याच्या गॅरेजवर रोजानं जातो, सुट्टी घेतली की रोज बुडतो, परतीची एसटी आपल्या स्टँडवर पावणेसहाला लागते. आपली मीटिंग चारची ठेवलीय. ती सहानंतर ठेवा.

तुमचाच,
मोंढ्यातला एक आडत्या